कृष्णाकांठचा उतारा

प्रवासास निघतांना कोठें उतरावें, हा प्रश्न आपल्या घरांतून पूर्वीं फारसा पडत नसे. क्षेत्राच्या गांवीं कुळाचे उपाध्ये असत, त्यांच्या वह्यांतून आपल्या पणजोबांचीं नांवें असत. पडवींत वळकट्या टाकल्या कीं बिऱ्हाड झालें. उपाध्ये नसले तर धर्मशाळा होती. तेथें ढेकूण असले, विहिरीवरचा दोर तुटका असला, तरी तक्रार कोणी करीत नसे. कारण ज्याचें मोल दिलें नाहीं त्याविषयीं बोलावयास तोंड नसतें. आतां भाडें अगाऊ भरावें लागतें, आणि भरलेल्या पैशाबरोबर खरें बोलण्याचा हक्कही आपल्याकडे येतो. तो आपण बजावतों मात्र मोठ्या चमत्कारिक रीतीनें. निघतेवेळीं तेथल्या अभिप्रायाच्या वहींत 'सर्व व्यवस्था उत्तम' असें लिहून सही ठोकावयाची, आणि घरीं आल्यावर पानावर बसून तासभर कुरकुर करावयाची!

गेल्या माघांत वाईस नदीकांठच्या एका निवासांत आम्ही तीन रात्री राहिलों. वडील माणसांस घेऊन कृष्णाकांठीं जावयाचें तर उतरण्याची सोय कशी काय असते, अशी पृच्छा कांहीं वाचकांनीं केली आहे. म्हणून तेथला अनुभव जसा आला तसा येथें देत आहों. निवासाचें नांव मात्र देत नाहीं. त्याचें कारण पुढें ओघानें येईल.

वाई हें आमच्या आत्याबाईंचें माहेर. तें घर विकलें गेल्यास चाळीस वर्षें होऊन गेलीं. तरी कृष्णाबाईचा उत्सव आला कीं त्यांचें चित्त घरीं लागत नाहीं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगावयाचें, कीं वाईस नदीचे सात घाट आहेत, आणि प्रत्येक घाटाचा उत्सव निराळा. माघ-फाल्गुनांत एकामागून एक घाटावर देवीची स्थापना होते. आपल्या आळीचा उत्सव एकदां डोळ्यांनीं पाहावा आणि कृष्णेंत स्नान करावें, एवढीच आत्याबाईंची इच्छा होती. त्यांचें वय 78. त्यांच्याबरोबर आम्ही वडील-धाकटीं मिळून सात माणसें निघालों. सात माणसांस पुरतील अशा दोन खोल्या घाटांच्या जवळपास मिळेनात. म्हणून गांवाबाहेर, अगदीं पाण्याच्या कडेस असलेलें हें निवास ठरविलें. भाडें खोलीस दर रात्रीं 3,200 रुपये.

चांगलें तें आधीं सांगतों, कारण तें थोडें नव्हतें. स्वयंपाक फार रुचकर. पिठलें, ज्वारीची भाकरी, वांग्याचें भरीत हें सारें पानांत ऊन ऊन येई. आणि आत्याबाईंना कांदालसूण चालत नाहीं असें एकदां सांगितल्यावर स्वयंपाक करणाऱ्या बाईंनीं तिन्ही दिवस त्यांचें वरण व भाजी न सांगतां निराळी काढून ठेविली. अशी आठवण आप्तांच्या घरींही राहतेच असें नाहीं. अंथरुणें धुतलेलीं होतीं. ओसरीवर बसलें असतां समोर पांडवगड दिसे, सकाळच्या धुक्यांत पाण्यावर बगळे उतरत, आणि धाकटी मंडळी पुस्तक बाजूस ठेवून तासतासभर तेंच पाहत बसत. पदार्थांची यादी मात्र केवळ इंग्रजींत छापलेली. ज्या गांवीं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं मराठी विश्वकोशाचें काम उभें केलें, ज्याचा पहिला खंड 1976 सालीं निघाला, त्या गांवीं भरलें वांगें मागण्यासाठीं आत्याबाईंस नातवाकडून यादी वाचून घ्यावी लागावी, हें विनोदाचें मानावें कीं खेदाचें, तें वाचकांनीं ठरवावें.

आतां गैरसोयी. भ्रमणध्वनीवर पाठविलेल्या छायाचित्रांत दिसत होती ती ओसरी, आणि ओसरीखालची नदी. दिसत नव्हता तो जिना. रस्त्यापासून खोल्यांपर्यंत 34 पायऱ्या उतरावयाच्या, त्यांची उंची सारखी नाहीं, आणि धरावयास कठडाही नाहीं. नदीकांठच्या घराला उतार असणारच. पण ज्याला पाहुण्यांकडून रोज हजारों रुपये मिळतात त्याला लोखंडी दांडी बसविणें कांहीं जड नाहीं. आत्याबाईंस दोघांनीं दोन्ही बाजूंनीं धरून उतरविलें. पहिल्या दिवशीं वर-खालीं दोनदां झाल्यावर त्यांनीं संध्याकाळीं उत्सवास जाण्याचा बेतच रहित केला. ज्यासाठीं आलों तेंच एका जिन्यानें हिरावून घेतलें. दुसऱ्या दिवशीं मुलांनीं त्यांना खुर्चींत बसवून वर नेलें, तेव्हां कोठें त्यांच्या आळीचा मांडव त्यांना दिसला. स्नानगृहांत धरावयास आधार नव्हता, आणि ऊन पाणी नऊ वाजेपर्यंतच येई. खोलीच्या नदीकडील भिंतीस ओल होती. पलीकडच्या कांठीं लग्नाचें पटांगण होतें, तेथला कर्णा दोन रात्री दहापर्यंत वाजला. पण त्याचा दोष या निवासाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं.

एवढ्यावरच हें प्रकरण संपतें तर तें लिहिण्याइतकें महत्त्वाचें खचित नव्हतें. जिने सगळीकडेच वाईट असतात.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आत्याबाई तांब्या घेऊन निवासाच्या स्नानाच्या पायऱ्यांकडे निघाल्या. पायऱ्या नव्या, फरशीच्या, छायाचित्रांत फार शोभणाऱ्या. त्या पहिल्या पायरीवर पाय ठेवणार, इतक्यांत तेथला एक नोकर माणूस लगबगीनें पुढें आला आणि हलक्या आवाजांत म्हणाला, "आजी, हितं न्हाऊ नगा. वरल्या अंगाला चला, मी न्हेतो तुमास्नी."

"कां रे बाबा? येथें काय झालें?"

त्यानें कांहीं न बोलतां झुडपांकडे बोट केलें. पायऱ्यांच्या वरच्या अंगास, दहा-बारा पावलांवर, करवंदीच्या जाळीआड एक नळ नदींत उतरला होता, आणि त्यांतून करडें, फेसाळ पाणी संथपणें पडत होतें. मोरीचें, मुदपाकखान्याचें, आणि दुर्गंधीवरून पाहतां शौचकूपांचेंही.

"मग हें बंद कां करीत नाहीं तुम्ही?"

"आमचं कोन ऐकतंय, आजी?"

निवासाचें नांव न छापण्याचें कारण हें. नांव छापलें तर हें कोणी सांगितलें तें धन्यास कळावयास उशीर लागणार नाहीं. त्या माणसाचें वय काय, काम काय, तेंही याच कारणासाठीं आम्ही लिहीत नाहीं. धन्याची अपकीर्ति होईल याचें आम्हांस फारसें दुःख वाटलें नसतें. पण एका अनोळखी वृद्धेच्या प्रकृतीसाठीं ज्यानें आपली नोकरी धोक्यांत घातली, त्याची ती नोकरी आमच्या लेखणीनें जावी, हें आम्हांस सोसणार नाहीं.

आमच्या घरांतही यावर वाद झाला. थोरल्या वहिनींचें म्हणणें असें, कीं वाहत्या नदीस दोष नसतो. सगळें पुढें वाहून जातें. ही समजूत जुनी आहे, आणि बारा महिने मोकळी वाहणाऱ्या नदीविषयीं तिच्यांत थोडेंफार तथ्यही असेल. पण वाईची कृष्णा आज तशी नाहीं. महाबळेश्वरीं उगम पावलेली ही नदी वाईस पोंचण्यापूर्वीं धोमच्या धरणांत अडते, आणि धोम वाईपासून अवघें 8-9 किलोमीटर. पावसाळा सरल्यावर गांवच्या पात्रांत किती पाणी वाहावें हें मेघांच्या नव्हे, तर जलसंपदा खात्याच्या हातीं असतें. शेतीसाठीं पुष्कळसें पाणी कालव्यांनीं निघून जातें. माघांत पात्रांत जें दिसतें तें पुष्कळदां वाहणारें पाणी नसून सांचलेलें पाणी असतें. अशा पाण्यांत मोरीचा साबण व तेलकट घाण मिसळली कीं ती कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकते, मासे गुदमरतात, आणि जलपर्णीस मात्र आयतें खाद्य मिळतें. आत्याबाईंचें उत्तर याहून थोडक्यांत होतें. त्या म्हणाल्या, "नदीला विटाळ नाहीं हें शास्त्र तुम्हांला ठाऊक, आणि नदीकांठीं मलमूत्र करूं नये असेंही शास्त्रच सांगतें, तेवढें मात्र तुम्ही विसरतां!"

असें कां होतें, तेंही समजून घेण्यासारखें आहे. मैला मुरविण्याच्या टांकींतून निघणारें पाणी शोषखड्ड्यांत जिरवावें, असा साधा नियम. पण नदीच्या अगदीं कडेस खालीं काळा कातळ लागतो, शिवाय जमीन आधींच ओली; खड्डा पाणी पितच नाहीं, तुंबतो, वास सुटतो, पाहुणे नाकें मुरडतात. मग रात्रींतून एक नळ जोडला कीं काम भागलें. म्हणजे पाण्याच्या जितकें जवळ बांधावें तितका देखावा चांगला, आणि जितका देखावा चांगला तितकी मोरीची व्यवस्था अवघड. नदीकांठच्या निवासाचें सारें मर्म या एका अडचणींत आहे, आणि छायाचित्रांत ती कधींच येत नाहीं.

वाईसच ढोल्या गणपतीचें देऊळ आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं तें 1762 सालीं बांधलें. दर्शन घेऊन परतणारांपैकीं फार थोडे त्याच्या पाठीमागें जाऊन पाहतात. तेथली भिंत माशाच्या आकाराची, निमुळती बांधली आहे. पुराचा लोंढा तीवर आपटून दुभंगावा आणि देवळाच्या दोहों बाजूंनीं निघून जावा, ही त्यांतली योजना. बांधणाऱ्यानें नदीच्या जवळ जाण्याचें धाडस केलें, पण नदीचा स्वभाव विचारून केलें. आमच्या निवासाची ओसरी पात्रांत भराव घालून सरळ पुढें काढली आहे. आपल्याकडे पुराच्या दोन रेषा आंखण्याची पद्धत आहे. सरासरीनें 25 वर्षांत एकदां येणारा पूर जेथवर चढतो ती निळी रेषा, आणि 100 वर्षांत एकदां येणारा जेथवर चढतो ती तांबडी. निळीच्या आंत बांधकाम करूं नये, असा नियम आहे. तुमची ओसरी निळीच्या आंत कीं बाहेर, असें व्यवस्थापकांस विचारतां ते हंसले व म्हणाले, "रेषा कागदावर असते, साहेब. येथें कोठें दिसते?" याच कृष्णेनें 2019 च्या ऑगस्टांत खालीं सांगलीस घरोघर शिरून आपली रेषा दाखविली होती, हें त्यांना आठवत नसावें.

आत्याबाईंचें स्नान अखेर मेणवलीस झालें. वाईच्या वरच्या अंगास तीनएक किलोमीटरांवर नाना फडणविसांचा वाडा व घाट आहे. वसईच्या 1739 च्या विजयांतून आलेली मोठी घंटा तेथें अद्याप टांगलेली आहे, तीवर 1707 हें वर्ष व मुलास घेतलेली मेरी दिसते. मुलांनीं घंटा पाहिली, आत्याबाईंनीं पाणी. तें निर्मळ होतें असें प्रमाणपत्र देण्यास आम्ही तयार नाहीं, कारण त्याच्याही वर वस्ती आहेच. वास नव्हता आणि तळचा दगड दिसत होता, इतकें खरें. रिक्षेवाल्यानें जाऊन-येऊन व दीड तास थांबून 500 रुपये घेतले. तो दर आम्हांस वाजवी वाटला.

तेव्हां वडील माणसांस घेऊन नदीकांठीं उतरणारांनीं भाडें ठरविण्यापूर्वीं नदी किती जवळ आहे हें विचारण्याऐवजीं पायऱ्या किती व कठडा आहे कीं नाहीं तें विचारावें, आणि त्याच दमांत मोरीचें पाणी कोठें जातें तेंही विचारावें. दुसऱ्या प्रश्नास बहुधा क्षणभर उत्तर येत नाहीं. तो क्षण लक्षांत ठेवावा. उतरल्यावर सामान लावण्याआधीं घरांतील एका तरुण माणसानें कांठानें पन्नास पावलें वर-खालीं फिरून यावें. खोल्या गांवांतच मिळाल्या तर फारच चांगलें. ओसरीवरून नदी दिसणार नाहीं, पण घाटावर चालत जातां येईल.

निघण्याच्या दिवशीं अभिप्रायाची वही पुढें आली. मागलीं पानें चाळलीं. 'अप्रतिम', 'स्वर्गीय', 'घरच्यासारखें' या तीन शब्दांपलीकडे कोणी गेलेलें नव्हतें. आम्हीं पानभर लिहिलें: स्वयंपाकाविषयीं मनापासून, जिन्याविषयीं स्पष्ट, आणि नळाविषयीं, तो कोठें आहे त्या जागेसह. नळ आम्हीं स्वतः सकाळीं फिरतांना पाहिला असें त्यांत नमूद केलें, आणि तें खरेंच होतें. त्या दिवसापासून रोज पाहत होतों. व्यवस्थापकांनीं तें उभ्या उभ्याच वाचलें. गृहस्थ स्वभावानें वाईट नव्हते. कांठावरचे सगळेच असें करतात, आम्हीं एकट्यानें बंद करून काय होणार, खर्च मोठा आहे, मालक पुण्यास असतात, असें त्यांनीं सांगून पाहिलें. शेवटीं आवाज उतरवून म्हणाले, कीं एका रात्रीचें दोन्ही खोल्यांचें भाडें आम्ही सोडून देतों, तेवढें हें पान नव्यानें लिहून द्या.

6,400 रुपये ही आमच्यासारख्या घरास लहान रक्कम नव्हे, आणि धाकटे बंधू क्षणभर आमच्याकडे पाहूं लागले, हें लपविण्याचें कारण नाहीं. आत्याबाई खुर्चींत बसून वर नेण्याची वाट पाहत होत्या. त्यांनीं पिशवींतून आपली जुनी पेन काढली, आमच्या सहीखालीं सावकाश आपली सही केली, आणि खालीं 'माहेर वाई' असें लिहिलें. पुरें भाडें भरून आम्हीं पावती घेतली. नगरपालिकेच्या हद्दींत तें निवास येतें कीं ग्रामपंचायतीच्या, याची चौकशी चालू आहे. पत्र दोन्हीकडे जावयाचें आहे. पुढच्या माघांत आत्याबाईंबरोबर जो कोणी जाईल, त्यानें वहींतलें तें पान जागेवर आहे कीं नाहीं तें पाहून यावें, असें घरांत ठरलें आहे.