साष्टी कोणाच्या बापाची होती?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं गांवें ज्या बेटावर वसलीं त्याचें जुनें नांव साष्टी. येथें कुणब्यानें भात पिकविलें, आगऱ्यानें मीठ काढलें, कोळ्यानें खाडींत जाळें टाकलें, वारल्यानें रान राखलें. ह्यांपैकीं एकासहि न विचारतां हें बेट किती वेळां हातोहात गेलें, तें वाचकांनीं एकदां नीट ऐकावें.

१५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा ह्यानें मोगलांच्या धाकानें वसई पोर्तुगीजांस दिली. तिच्याबरोबर साष्टी व मुंबईहि गेली. पुढें १६६१ च्या लग्नाच्या करारानें पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्रजांच्या राजास आंदण मिळाली. आपल्यांत आंदण म्हणून गाय देतात, भांडीं देतात. राजेलोक माणसांसकट गांवें देतात! त्या राजानें १६६८ सालीं तेंच आंदण कंपनीस वर्षाला १० पौंड भाड्यानें देऊन टाकलें. इंग्रज म्हणे, साष्टीहि आंदणांत आली; पोर्तुगीज म्हणे, मुळींच नाहीं. हा तंटा चालूं असतांच १७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टी घेतली व १७३९ त वसई.

कंपनीची नजर साष्टीवरून हालली नाहीं. १७६७ त तिनें मॉस्टिन नांवाचा वकील पुण्यास पाठविला, १७७२ त पुन्हा पाठविला. गोड बोलून काम होईना. मग नारायणराव पेशव्याच्या खुनानंतर पुण्यांत भाऊबंदकी माजली, ती संधि साधून १७७४ च्या डिसेंबरांत कंपनीनें ठाण्याचा किल्ला मारला, आणि कागद मागाहून केला. १७७५ च्या मार्चांत सुरतेस राघोबादादानें अडीच हजार फौजेसाठीं दरमहा दीड लाख खर्च कबूल केला, सहा लाखांचें जडजवाहीर गहाण ठेविलें, आणि वर साष्टी व वसई लिहून दिली. आधीं कब्जा, मग खरेदीखत! गांवचा सावकार तरी ह्याहून काय निराळें करतो? १७७६ च्या पुरंदरच्या तहानें सुरतेचा कागद रद्द झाला, पण साष्टी कांहीं परत आली नाहीं. १७८२ त महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनें झालेल्या सालबाईच्या तहानें वसई सुटली. साष्टी कायमची गेली. पुण्याच्या मुत्सद्देगिरीचें कौतुक करणारांनीं एवढें कलम विसरूं नये.

असें सौदे करणारे इंग्रज एकटेच नव्हते. त्यांच्याच जोखडांतून सुटलेल्या अमेरिकेनें १८०३ सालीं नेपोलियनपासून लुईझियाना प्रांत दीड कोटी डॉलरला विकत घेतला, आणि एका सहीनें आपला मुलूख जवळजवळ दुप्पट केला. लढाई नाहीं, रक्तपात नाहीं. हुशारी मोठी, हें आम्हीहि मानतों. पण नेपोलियनला तरी तो प्रांत स्पेनकडून मिळून तीनच वर्षें झालीं होतीं, आणि तेथल्या आदिवासी जमातींनीं तो कोणासच विकला नव्हता. विकत घेतला तो कागदावरला हक्क. जमीन पुढें त्या जमातींपासून तहांनीं व बंदुकीनें काढून घेतली.

आपल्या देशाची ह्यांतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पाँडिचेरी फ्रेंचांकडून घेतांना १९५४ च्या ऑक्टोबरांत किळूर येथें लोकांच्या १७८ प्रतिनिधींचें मत घेतलें. १७० विलीनीकरणाच्या बाजूचे निघाले. प्रतिनिधींनाच विचारलें खरें, पण विचारलें तरी!

साष्टीला तेवढेंहि नशिबीं नव्हतें. इंग्रजी अमलांत गांवेंच्या गांवें मुंबईच्या धनिकांस मिळालीं. पवई फ्रामजी कावसजींकडे गेली ती अशीच. अशा इनामदारांची साऱ्याची सूट काढण्यास १९५१ चा कायदा यावा लागला. १९५० व १९५७ सालीं हीं गांवें मुंबई महानगरपालिकेंत घातलीं, आणि शेतांवर इमारती चढल्या. आतां उरलीं गांवठाणें व कोळीवाडे. त्यांच्या हद्दी मोजण्याचें व त्या जागीं नव्या इमारती बांधण्याचें बोलणें वारंवार निघतें, आणि मोजणीच्या दिवशीं घरधनी कामावर गेलेला असतो. आमचें सांगणें इतकेंच कीं, त्या दिवशीं खाडा करावा, घरांतलें शिकलेलें पोर, मग ती मुलगी कां असेना, साखळीजवळ उभें करावें, नकाशाची नक्कल मागावी, आणि अंगण, विहीर, जाळीं वाळविण्याची जागा त्यांत दाखविली आहे कीं नाहीं हें पाहिल्यावांचून अंगठा उठवूं नये.