रुमालाखालचे दर

धान्याच्या पेठेत एकेकाळी रुमालाखाली भाव ठरत असे. अडत्या आणि खरेदीदार हातांवर वस्त्र टाकून बोटांच्या खुणांनी सौदा करीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा असूनही त्यास काही कळत नसे. या पद्धतीस ‘हत्ता’ म्हणत. १९२८ साली शाही शेती आयोगाने नियंत्रित बाजारपेठांची शिफारस केली. १९३९ साली मुंबई इलाख्यासाठी शेतमाल बाजारांचा कायदा झाला. आपले बेळगाव त्या वेळी त्याच इलाख्यात होते. पुढे नियंत्रित बाजारांत उघड लिलाव आला. रुमाल गेला, म्हणून व्यापार बुडाला नाही; उलट पेठेची पत वाढली.

तोच रुमाल आज सरकारी कचेऱ्यांच्या मेजावर पसरलेला दिसतो. परवान्याचे नूतनीकरण असो, वजनकाट्याचे मुद्रांकन असो वा उताऱ्याची नक्कल असो, शासनाचे शुल्क ठरलेले असते. झाकलेले असते ते निराळेच: कोणते कागद लागतात, किती दिवसांत काम व्हावयास हवे, आणि न झाल्यास दाद कोणाकडे मागावयाची. ‘एक कागद कमी आहे’ या वाक्याची किंमत आपल्या अज्ञानावर ठरते. मध्यस्थ एकच ठोक रक्कम सांगतो, पावती मात्र त्याहून पुष्कळ कमी रकमेची मिळते. मधला फरक हे कामाचे मोल नव्हे. ते आपल्या न विचारण्याचे मोल होय.

हा रुमाल उचलण्याची साधने कायद्याने आपल्या हाती दिली आहेत. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने प्रत्येक कचेरीवर आपली कर्तव्ये व कामाची पद्धत आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. ती माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार व्हावा, असेही त्यात म्हटले आहे. सीमाभागातील मराठी माणसाने हे कलम अवश्य ध्यानात ठेवावे. कर्नाटकात २०११ साली सेवा-हमीचा कायदा होऊन २०१२ पासून तो ‘सकाल’ या नावाने राज्यभर लागू झाला. यादीतील सेवेसाठी अर्ज केल्यास क्रमांकासह पोच मिळते. मुदत टळल्यास वरिष्ठांकडे अपील करता येते आणि दर दिवसास २० रुपये, अधिकात अधिक ५०० रुपये, भरपाई मागता येते. रक्कम लहान आहे. परंतु ती संबंधित अधिकाऱ्याकडून वसूल व्हावयाची असल्याने तिचे वजन मोठे आहे.

कित्येक बंधू म्हणतील, ‘व्यापाऱ्याचा वेळ मोलाचा, चार पैसे देऊन काम उरकावे हे शहाणपण.’ हा हिशेब दोन कारणांनी चुकतो. दिलेली चिरीमिरी हा पुढील वर्षीचा किमान दर ठरतो, आणि तो शेजारच्या लहान दुकानदारासही भरावा लागतो. दुसरे असे की, २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही स्वतंत्र अपराध आहे. बळजबरीने द्यावी लागल्यास सात दिवसांच्या आत तक्रार नोंदविली तरच संरक्षण मिळते.

येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. माहितीचे शस्त्र ज्याची वही स्वच्छ आहे त्याच्याच हातात चालते. ज्याचा काटा हलका आहे, तो मुद्रांकनाच्या मुदतीविषयी ताठ मानेने कसा विचारणार? अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे खोटी मापे वापरणे, हा दोष आपल्या आचार्यांनी मोजला आहे. निर्भयता येते ती चोख मापातूनच.

मात्र चोख व्यापाऱ्यासही एकट्याने विचारण्याची भीती वाटते, कारण उद्या त्याच मेजापुढे त्यास पुन्हा उभे राहावयाचे असते. ही भीती खोटी नाही, आणि संघटनेचा उपयोग नेमका येथेच आहे. आपल्या संघाने पुढील तीन गोष्टी हाती घ्याव्यात. आपल्या व्यवसायास लागणाऱ्या प्रत्येक सेवेचे कागद, शुल्क, मुदत आणि अपिलाचा अधिकारी मराठीत व कानडीत लिहून त्याचा फलक संघाच्या कार्यालयात लावावा. तो कोणत्या तारखेपर्यंतच्या माहितीवर आधारला आहे हे त्यावर नमूद करून दरवर्षी तपासावा. सभासदांच्या अर्जाची व काम झाल्याची तारीख एका वहीत नोंदवावी. मुदत टळलेल्या कामांविषयी पत्र जावे ते व्यक्तीच्या नव्हे, संघाच्या नावाने.

प्रामाणिक अधिकारीही पुष्कळ आहेत; त्यांस अशा फलकाचा त्रास होणार नाही, उलट आधारच होईल. आपण रोज सकाळी दुकानापुढे धान्याचा भाव लावतो आणि त्याच भावाने माल देतो. तेवढाच उघडेपणा कचेरीकडे मागणे हा उद्धटपणा नसून व्यापारधर्मच आहे.