ताटातली भाकरी कुठे गेली?

"वय झालं, आता खाणं कमीच होणार," हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि मला त्याची भीती वाटते. कारण सगळंच खाणं एकदम कमी होत नाही. आधी शेंगदाणे सुटतात. मग काकडी, पेरू, मोडाची उसळ. मांसाहारी घरात मटण. शेवटी भाकरीही. ताटात उरतं ते मऊ भात, वरणावरचं पाणी आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. नीट पाहा, जे जे सुटलं ते सगळं दाढेखाली चावून खायचं होतं.

पोट भरलेलं असतं म्हणून कुणाला शंका येत नाही. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे 55 किलोच्या बाईला रोज साधारण 45 ग्रॅम. चहा-बिस्किटातून दोन-तीन ग्रॅम मिळाले तरी पुष्कळ. मग दंडाचं मांस उतरतं, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. चोथा पोटात जात नाही, म्हणून पोट साफ होत नाही. त्यासाठी घरात चूर्ण येतं, टॉनिक येतं. तोंड उघडून मात्र कुणी बघत नाही.

माझ्या आत्याच्या खालच्या दाढा गेल्या होत्या. ती सगळ्यांची पानं उठल्यावर एकटी जेवायला बसायची. जुन्या वळणाची आहे, असं घरातले म्हणत. घास तोंडात घोळवत बसायची तिला चारचौघांत लाज वाटत होती. दात गेलेल्या माणसाची पंगतही जाते, आणि एकटं माणूस आणखी थोडं कमी जेवतं.

आपल्याकडे मिश्री आणि तंबाखूने हिरड्या खिळखिळ्या केल्या, मधुमेहाने त्यात भर घातली. पण दात पडणं हा म्हातारपणाचा नियम नाही. जपानने 1989 साली ऐंशीव्या वर्षी निदान वीस दात टिकवायचे, असं उद्दिष्ट लोकांपुढे ठेवलं. तेवढे दात असले की बहुतेक सगळं चावून खाता येतं. आपण मात्र "पडू देत, कवळी बसवू" म्हणतो.

कवळी जरूर बसवावी. पण पूर्ण कवळीने चावण्याचा जोर मूळ दातांच्या पाव भागाच्या आसपासच असतो. शिवाय मऊ खाण्याची सवय लागलेली असते, ती कवळी बसली म्हणून आपोआप जात नाही. काय खायचं, कसं सुरू करायचं, हे कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं. दात गेल्यावर जबड्याचं हाड वर्षागणिक झिजतं, कवळी सैल होते, टोचते आणि डबीत जाऊन बसते. तिला आतून नवं अस्तर भरून घेता येतं, हे फार थोड्या घरांत ठाऊक असतं.

कवळी नीट बसेपर्यंत स्वयंपाकघराने पुष्कळ करावं. पदार्थ तोच ठेवावा, रूप बदलावं. भाकरी ताटलीत कुस्करून वर घट्ट वरण ओतावं, नुसतं पाणी नको. शेंगदाण्याचं बारीक कूट दह्यात किंवा भाजीत घालावं. मोडाचे मूग चांगले शिजवून घोटावेत, गाजराचा कीस वाफवावा, काकडी किसून दह्यात कालवावी. अंड्याची मऊ भुर्जी, काटे काढलेला मासा, खिमा, पिकली पपई हे सगळं हिरडीवरही खाता येतं. मिक्सरमधून सगळं एकत्र फिरवून राखाडी लगदा वाढणं मला पटत नाही. म्हाताऱ्या माणसालाही भाजी कोणती आहे हे कळायला हवं.

दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी 2017 साली केंद्राने राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. तिच्या यादीत काठी, चष्मा आणि श्रवणयंत्राबरोबर कवळीही आहे. गावात या योजनेचं शिबिर लागलं, तर काठीच्या रांगेत उभ्या असलेल्या आजींना एवढं एकच विचारा: "आजी, भाकरी चावता येते का?"