हात न लावता हुकूम!

दोस्तांनो, ताडोबाच्या जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. वाघ समोरून गेला, की फोटो आपोआप निघतो. मग बटण कोण दाबतं? वाघच म्हणा ना! अशा बहुतेक कॅमेऱ्यांत उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. भोवतालापेक्षा वेगळ्या तापमानाचं काही समोरून सरकलं, की तो कॅमेऱ्याला जागं करतो.

पण चंद्रपूरचा मे महिना आठवा. पारा 45 अंशांपुढे! दगड-मातीच वाघाच्या अंगाइतकी तापली, तर फरक कळायचा कसा? तिथे हा सेन्सर चुकू शकतो.

त्याचा एक चुलतभाऊ मात्र उष्णतेकडे बघतच नाही. तो सूक्ष्मलहरी, म्हणजे मायक्रोवेव्ह सोडतो आणि आपटून परत आलेल्या लहरी तपासतो. बल्लारशा स्टेशनवर शिट्टी देत जाणारी गाडी कधी ऐकली आहे? जवळ येताना सूर चढा, लांब जाताना उतरलेला. लहरींचंही तस्संच होतं, बरं का!

काहीशे रुपयांत मिळणाऱ्या एका सेन्सरच्या लहरी सेकंदाला सुमारे साडेदहा अब्ज वेळा कंप पावतात. त्याच्या दिशेने सेकंदाला एक मीटर वेगाने हात नेला, तर परतलेल्या लहरींत फरक पडतो फक्त 70 कंपनांचा. एवढं मोजणं साध्या कॉम्प्युटरलाही जमतं. एकदा हात हलवला तर पान पुढे, दोनदा हलवला तर मागे, असं त्याला शिकवता येतं. हात चिखलाने भरलेले असोत, की एखाद्या मित्राला माऊस धरता येत नसो, कुणाचंच अडायला नको!

2019 साली गूगलच्या पिक्सेल 4 फोनमध्ये असंच चिमुकलं रडार होतं. हवेत हात फिरवला, की गाणं बदलायचं. पण त्याच्या 60 अब्ज कंपनांच्या लहरी वापरायला आपल्याकडे परवानगी नव्हती, म्हणून तो फोन भारतात विक्रीला आलाच नाही.

आई-बाबांनो, मायक्रोवेव्ह म्हणताच घाबरू नका. ओव्हनची शक्ती शेकडो वॅट. या सेन्सरची, एका वॅटचे जेमतेम काही हजारांश.

मात्र या सेन्सरला एवढंच कळतं, की काहीतरी हललं. हात, की पंखा? ते ओळखायचं कॉम्प्युटरला शिकवणार तुम्ही. पंखा एकसारखा फिरतो. आणि हात? करा पाहू विचार!