दावणीचा हिशेब

आठवीच्या वर्गात हवामानबदल शिकवत होतो. एकाने विचारले, "सर, जानवर की जुगाली से दुनिया गरम होती क्या?" होते, आम्ही सांगितले. गाय-म्हैस रवंथ करते, पोटात मिथेन तयार होतो आणि बहुतेक ढेकरेवाटे बाहेर पडतो. माणसामुळे वातावरणात जाणाऱ्या उष्णतावर्धक वायूंत पशुपालनाचा एकूण वाटा १४.५ टक्के, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली मांडला होता. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "फिर सब हमकोच क्यों बोलते?"

याचे उत्तर बी.एड.ला शिकवलेले नव्हते!

२०१९ च्या पशुगणनेत देशात गाय-बैल १९ कोटींहून अधिक आणि म्हशी जवळजवळ ११ कोटी निघाल्या. ही जनावरे पाळली कोणासाठी? मुख्यतः दुधासाठी आणि औतासाठी. मग चहातले दूध निष्पाप आणि ताटातली बोटी तेवढी पापी, हा कुठला न्याय? भाकड म्हैसही ढेकर देतेच, आणि चाराही खातेच.

मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. गाईवर १९७६ च्या कायद्याने होतीच. पुढच्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. माणसाला घागरभर पाणी नाही, तिथे थकल्या बैलाला कडबा कोणी घालायचा? दया दाखवणाऱ्यांनी पेंढी पाठवली नाही. दावणीला खंगून मरणे ही अहिंसा कशी, हे आम्हाला कोणी समजावून सांगावे. २०२५ मध्ये वाटेत गाड्या अडवणाऱ्यांच्या जाचाला कंटाळून कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच थांबवली. बाजार ओस पडले. नुकसान एकट्या खाटकाचे नव्हते. बंदीत नसलेली म्हैस विकायला निघालेला शेतकरीही अडकला.

पण आमच्याही दावणीकडे बघू. जनावरासमोर सुरी पाजळू नका, त्याला तहानलेले ठेवू नका, हे आम्ही मुलांना दीनियातच्या तासाला शिकवतो. मांजर उपाशी बांधून मारणाऱ्या बाईची हदीस तर पाठच असते. आणि मे-जूनच्या उन्हात म्हशी ट्रकात कोंबून कोण आणतो? बोकडाचे वजन आणि किंमत मोबाइलवर मिरवणारे कोण? हे बोलले की मशिदीबाहेर आम्हालाच ऐकवतात, "मास्टर, तुम भी उनकी बोली बोलने लगे." मागच्या बाकावरच्या त्या मुलाच्या वडिलांचाही असाच एक ट्रक आहे. त्यांना आम्ही हे तोंडावर सांगितले. चहा न पाजताच त्यांनी आम्हाला वाटेला लावले.