ज्ञानेश्वरीतील संवादस्तर आणि संपादकाचे कर्तव्य

पदव्युत्तर वर्गात ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय शिकविताना एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : 'येथे कोण, कोणाशी बोलत आहे ?' प्रश्न प्राथमिक वाटला तरी त्याचे उत्तर चुकले की अर्थही चुकतो. अध्यायाच्या अखेरीस पुराच्या पाण्यात निवांत बसलेल्या रेड्याचा दृष्टान्त येतो. तो धृतराष्ट्राविषयी आहे. तो श्रीकृष्णाच्या मुखी घालणाऱ्या उत्तरपत्रिका मी तपासल्या आहेत आणि त्याबद्दल केवळ विद्यार्थ्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही.

या ग्रंथाची रचनाच बहुस्तरीय आहे. कृष्णार्जुनांचा संवाद संजय धृतराष्ट्राला सांगतो. तो ज्ञानदेव निवृत्तिनाथांच्या साक्षीने श्रोत्यांपुढे उलगडतात. आणि श्रोत्यांची उत्सुकता, अधीरता, संतोष यांनाही निरूपणात स्थान मिळते. गीतेत 'उवाच' हे पद वक्ता बदलल्याची खूण करते. सातशे श्लोकांचा सुमारे नऊ हजार ओव्यांत विस्तार होताना ही खूण विरळ होते. तेराव्या अध्यायात 'अहिंसा' या एका पदाच्या निमित्ताने मीमांसकांच्या यज्ञातील आणि आयुर्वेदाच्या औषधांतील हिंसेची चर्चा येते. मतांतरे मांडल्याशिवाय स्वमत स्पष्ट होत नाही, अशी आपली बाजूही ज्ञानदेव श्रोत्यांपुढे ठेवतात. मूळ प्रतिपादनाला फुटलेली ही शाखा कोठे सुरू झाली व कोठे संपली, हे केवळ ओवीक्रमांकावरून कळत नाही.

म्हणून अभ्यासाच्या आवृत्तीत संपादकाने समासात तीन गोष्टी नोंदवाव्यात, असे सुचवावेसे वाटते : वक्ता व श्रोता कोण, विषयांतर कोठे सुरू होते, आणि मूळ सूत्र कोणत्या ओवीपाशी पुन्हा हाती येते. अध्यायारंभी या शाखांचा संक्षिप्त आराखडा द्यावा. संगणकाच्या पडद्यावर लांबलेल्या चर्चेतील उपशाखा मिटवून ठेवण्याची आणि हवी तेव्हा उघडण्याची सोय आज परिचयाची आहे. छापील पानावर तेच कार्य समास करू शकेल.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हा ग्रंथ श्रवणासाठी आहे आणि खुणांमुळे त्याचा ओघ खंडित होईल. परंतु प्रत्यक्ष श्रवणात वक्त्याचा स्वर, विराम आणि दृष्टी हे भेद सुचवीत असतात; छापील पानावर हे साहाय्य नाहीसे झाले आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही स्थळी ज्ञानदेवांचा आणि श्रीकृष्णाचा स्वर एकरूप होतो आणि तीच त्या स्थळांची काव्यात्मता होय. तेथे रेषा ओढणे म्हणजे काव्याची हानी करणे. हे मान्य करावेच लागते. अशा ठिकाणी संपादकाने निर्णय न लादता 'स्वर संदिग्ध' एवढेच नोंदवावे; ती संदिग्धता विद्यार्थ्याच्या लक्षात येणे हाही अभ्यासच आहे.

शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे संशोधन करताना एकनाथांनी तीत ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे होय, असे बजाविले. समासातील खूण ही मर्यादा ओलांडीत नाही. संहितेच्या शुद्धीचा विचार आपण आस्थेने करीत आलो आहोत. तितकीच आस्था ती वाचणाऱ्याच्या वाटेविषयीही असावी.