संधीचे दार आणि शाळेची पायरी



एखाद्या समाजासाठी शासनाने शिक्षणाच्या व अर्थार्जनाच्या संधी वाढवाव्यात असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय अपेक्षित असते? या प्रश्नाच्या विचारासाठी अमेरिकेतील हिस्पॅनिक समाजाचे उदाहरण उद्बोधक आहे. स्पॅनिश भाषेचा वारसा सांगणाऱ्या या समाजाची संख्या २०२० च्या जनगणनेनुसार ६.२ कोटींच्या घरात आहे.

या प्रयत्नांचा आरंभ शासनाच्या औदार्यातून नव्हे, तर पालकांच्या तक्रारीतून झाला. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा असत. मेंडेझ कुटुंबातील मुले आत्तेभावंडांसह शाळेत गेली. उजळ वर्णाच्या व फ्रेंच वळणाच्या आडनावाच्या भावंडांना प्रवेश मिळाला, मेंडेझ मुलांना मात्र नाकारला गेला. गोन्झालो मेंडेझ व अन्य चार पालकांनी १९४५ मध्ये न्यायालयात धाव घेतली. १९४६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला आणि १९४७ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. त्याच वर्षी राज्याने विभक्त शाळांच्या तरतुदी रद्द केल्या.

साहाय्य समाज पाहून नव्हे, तर गरिबी पाहून द्यावे, असा एक आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु मेंडेझ कुटुंब खंडाने शेती कसणारे, खटला चालवण्याइतकी ऐपत असलेले होते. त्यांच्या मुलांना गरिबीने अडवले नव्हते, आडनावाने व वर्णाने अडवले होते. अडसर समाज पाहून घातला गेला असेल, तर तो दूर करतानाही समाजाकडे पाहावेच लागते.

पुढे १९६८ च्या द्विभाषिक शिक्षण कायद्याने मुलांच्या घरच्या भाषेचा आधार घेणाऱ्या अध्यापनाला केंद्रीय निधी मिळाला. मात्र कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९८ मध्ये अशा अध्यापनावर कठोर मर्यादा घातल्या आणि २०१६ मध्ये त्या उठवल्या. या १८ वर्षांत एक पिढी शाळेतून बाहेर पडली. धोरण बदलता येते. त्या पिढीचे बालपण परत देता येत नाही.

उच्च शिक्षणातही हाच धडा मिळतो. ज्या महाविद्यालयांत किमान २५ टक्के पदवीपूर्व विद्यार्थी हिस्पॅनिक आहेत, त्यांच्यासाठी कायद्यात अनुदानाची तरतूद झाली. दुसरीकडे, १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी आदेशाने सुरू केलेला शैक्षणिक उपक्रम प्रत्येक नव्या अध्यक्षाच्या मर्जीवर अवलंबून राहिला. २०२१ च्या आदेशात शिक्षणाला आर्थिक संधीची जोड मिळाली. २०२५ मध्ये तो आदेशच रद्द झाला. एका स्वाक्षरीने आलेले दुसऱ्या स्वाक्षरीने गेले.

म्हणून माझे मत असे, की घोषणेपेक्षा कायदा आणि कायद्याबरोबर दरवर्षीचा निधी महत्त्वाचा. त्याहून महत्त्वाचा आहे तो हक्क मागणारा जागरूक नागरिक.

मित्रहो, नोकरी-संसार सांभाळून आपण ही पुस्तिका उघडली आहे. शिक्षणाची संधी हुकणे म्हणजे काय, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. कोणतीही शासकीय योजना वाचताना एवढेच विचारा: ही योजना सरकार बदलल्यावरही शाळेच्या पायरीपर्यंत पोहोचेल काय?